वहीतली ४२ अ‍ॅप्स

२०१९ चा डिसेंबर. डाव्या हातात फोन, उजव्या हातात पेन, आणि मी माझ्याच फोनची खानेसुमारी करत बसले होते. एकेक अ‍ॅप वहीत उतरवायचं आणि त्याच्यापुढे तीन रकाने भरायचे: अँड्रॉइडवर मिळतं का, आयफोनवर मिळतं का, आणि आत साठलेलं माझं सामान सोबत येईल का. मोजून ४२ निघाली. पहिले दोन रकाने अर्ध्या तासात भरले, जवळजवळ सगळीकडे बरोबरची खूण. तिसऱ्या रकान्याने पुढचे तीन आठवडे खाल्ले.

एवढा खटाटोप करायचं कारण म्हणजे माझा फोन या दोन्हींतला नव्हता. तो विंडोज फोन होता. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १० डिसेंबर २०१९ ला संपणार असं जाहीर केलं होतं, मग मुदत १४ जानेवारी २०२० पर्यंत पुढे ढकलली. मला त्या तारखेची फारशी धास्ती नव्हती. अपडेट थांबले म्हणून दुसऱ्या दिवशी फोन बंद पडत नाही. मला घाई होती ती वेगळ्याच कारणाने: ज्या चॅट अ‍ॅपवर माझी सगळी माणसं होती, ते वर्षअखेरीला या फोनवरून उठणार होतं.

फोन तसा गुणी. कमी मेमरीतही लोण्यासारखा चालायचा. पडद्यावरच्या टाइल्स न उघडताच सांगायच्या, पुढची मीटिंग किती वाजता आहे, कुणाचे किती निरोप आलेत. अक्षर देखणं. कुणाच्या हातात दिला की पहिलं वाक्य, "अरे वा, मस्त आहे की!" आणि दुसरं, "यात अमुक आहे का गं?" मग मी म्हणायची, "ब्राउझरमधून चालतं." पाच वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की शेवटी शेवटी समोरच्याने अ‍ॅपचं नाव पूर्ण घ्यायच्या आत ते तोंडातून निघायचं.

अ‍ॅप नसण्याच्याही तऱ्हा असतात, हे मला त्या फोनने शिकवलं. जे मुळात कधी आलंच नाही त्याचं फारसं वाईट वाटत नाही, कारण सवयच लागलेली नसते. आलं आणि काढून घेतलं तर दोन दिवस चिडचिड होते. खरा घात करतं ते तिसऱ्या तऱ्हेचं. ते असतं, उघडतं, आयकॉनही जागच्या जागी, पण आतून दोन वर्षांत कुणी हात लावलेला नसतो.

एकदा माझं प्रवासाचं तिकीट अशाच एका अ‍ॅपमध्ये होतं. दारापाशी रांगेत उभी, पुढे चार माणसं. अ‍ॅप उघडलं तर पांढऱ्या पडद्यावर एकच वाक्य: नवी आवृत्ती घ्या. खाली एकच बटण. ते दाबलं की स्टोअर उघडायचं, आणि स्टोअर सांगायचं, तुमच्याकडे सगळ्यात नवी आवृत्ती आहे. परत मागे, परत तेच वाक्य. दोन्ही आपापल्या जागी खरंच बोलत होते. कंपनीने बाकीच्या फोनांसाठी नवी आवृत्ती काढली होती, जुनीचा सर्व्हर बंद केला होता, आणि माझ्या फोनसाठी नवी कुणी बनवलीच नव्हती. पुढची चार माणसं आत गेली. मी बाजूला होऊन ब्राउझरमधून लॉगिन करायला लागले. पासवर्ड आठवेना, मग तो बदला, मग मेलवर आलेला आकडा टाका. दारावरचा माणूस सज्जन होता. "सावकाश करा," म्हणाला, आणि माझ्या मागचे अकरा जण आत सोडले.

त्या दिवसापासून मी याच्या मुळाशी जायचा नाद घेतला. वरवर गणित सोपं आहे: आधी कोंबडी की आधी अंडं. वापरणारे कमी म्हणून अ‍ॅप बनवणारे येत नाहीत, आणि अ‍ॅप्स नाहीत म्हणून वापरणारे येत नाहीत. आयफोनचं अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ ला ५०० अ‍ॅप्सनिशी उघडलं, अँड्रॉइडचा पहिला फोन त्याच वर्षी ऑक्टोबरात विक्रीला आला. विंडोज फोन ७ आला २०१० च्या शेवटी. तोवर पंगत उठत आली होती. मायक्रोसॉफ्टने पैसा ओतला नाही असं नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात विंडोजचे एक प्रमुख अधिकारी जो बेल्फिओरे यांनी ट्विटरवर उघडपणे कबुली दिली: आम्ही डेव्हलपरांना पैसे दिले, त्यांच्यासाठी अ‍ॅप्स लिहूनही दिली, पण वापरणारे इतके थोडे की बहुतेक कंपन्यांना त्यात गुंतवणूक करणं परवडेना. ते वाचताना मला आमच्या तिकिटाच्या अ‍ॅपची आठवण झाली. तेही कुणीतरी असंच एकदा लिहून दिलेलं असणार, आणि मग सांभाळायला कुणी नाही.

पण नुसतं कोंबडी-अंड्याचं गणित पुरत नाही. इथे दुसराही एक खेळ होता, आणि तो यूट्यूबच्या भांडणात स्वच्छ दिसतो. २०१३ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने विंडोज फोनसाठी पूर्ण ताकदीचं यूट्यूब अ‍ॅप काढलं. त्यात व्हिडिओ उतरवून घेता यायचे आणि जाहिराती दिसायच्या नाहीत. गूगलने लगेच नोटीस धाडली, २२ मेपर्यंत काढून टाका म्हणून. इथवर गूगलची बाजू मला पटते. जाहिराती उडवायच्या म्हणजे दुसऱ्याच्या दुकानातला गल्लाच उचलून न्यायचा. मग दोघांनी मिळून करू असं ठरलं. १३ ऑगस्टला जाहिराती दाखवणारं नवं अ‍ॅप आलं आणि १५ ऑगस्टला गूगलने तेही अडवलं. या वेळची अट होती की अ‍ॅप एचटीएमएल५ मध्येच, म्हणजे वेबपानांच्या भाषेतच हवं. मायक्रोसॉफ्टचं उत्तर असं की आयफोन आणि अँड्रॉइडवरची तुमची स्वतःची अ‍ॅप्स तरी कुठे एचटीएमएल५ मध्ये आहेत? ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने हात टेकले आणि अ‍ॅपच्या जागी वेबसाइट उघडणारा नुसता आयकॉन ठेवला. म्हणजे तेच, ब्राउझरमधून चालतं.

दोन मोठ्या कंपन्यांच्या त्या भांडणात बिचारं कुणीच नव्हतं. वर्षानुवर्षं मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या जोरावर दुसऱ्यांना जे केलं, तेच आता त्याच्या वाट्याला येत होतं. फक्त तडाखा खाणाऱ्यांत मीही होते.

काही पोकळ्या एकट्या माणसांनी भरल्या. रुडी हुइन नावाचा एक फ्रेंच डेव्हलपर होता. विंडोज फोनवाल्यांसाठी तो देवमाणूस. इन्स्टाग्रामचं अधिकृत अ‍ॅप नव्हतं तेव्हा त्याने ६टॅग काढलं. २०१३ च्या नोव्हेंबरात अधिकृत अ‍ॅप आलं तेव्हा त्यात व्हिडिओची सोय नव्हती आणि याच्या अ‍ॅपमध्ये होती. स्नॅपचॅटने तर अधिकृत अ‍ॅप कधी काढलंच नाही, म्हणून याने ६स्नॅप लिहिलं. २०१४ च्या डिसेंबरात स्नॅपचॅटच्या सांगण्यावरून अशी सगळी परभारी अ‍ॅप्स स्टोअरमधून काढली गेली. स्वतः द्यायचं नाही आणि दुसऱ्याने दिलेलं चालू द्यायचं नाही. त्यांचं म्हणणं सुरक्षेचं होतं, तेही अगदी खोटं नाही, पण इकडच्या माणसाच्या हाती शेवटी धुपाटणंच.

आणि आता जरा घरचा अहेर. सगळं खापर शेजाऱ्यावर फोडून चालणार नाही. २०१२ मध्ये विंडोज फोन ८ आला तेव्हा ७ चा एकही फोन त्यावर नेता आला नाही, जुन्यांची ७.८ नावाच्या अपडेटवर बोळवण झाली. नवाकोरा फोन घेतलेल्यांनाही. डेव्हलपरांनाही दर दोन-तीन वर्षांनी नव्या पद्धतीने लिहायला बसवलं. आधीच गिऱ्हाईक थोडं, त्यात दुकान दर वेळी नव्या गल्लीत. कोण येणार?

ब्लॅकबेरी या फोन कंपनीची गंमत त्याहून वरची. २०१५ च्या जानेवारीत त्यांचे प्रमुख जॉन चेन यांनी अमेरिकेतल्या लोकप्रतिनिधींना पत्र लिहून मागणी केली की इंटरनेट जसं सगळ्यांना सारखं मिळावं म्हणता, तशी अ‍ॅप्सही सगळ्या फोनांना सारखी मिळावीत. आम्ही आमचं बीबीएम हे निरोपांचं अ‍ॅप आयफोनला आणि अँड्रॉइडला दिलं, अ‍ॅपल मात्र आपलं निरोपांचं आयमेसेज आम्हाला देत नाही, नेटफ्लिक्सही येत नाही, अशी तक्रार. मुद्दा बिनतोड होता. अडचण एवढीच की बीबीएम बाहेर दिलं २०१३ च्या ऑक्टोबरात, म्हणजे घर रिकामं व्हायला लागल्यावर. भरभराटीच्या दिवसांत त्यांनीही दार घट्ट लावूनच ठेवलं होतं.

असो. वहीकडे येते.

दोन्हींतून अँड्रॉइड घेतला त्याचं कारण कॅमेरा-बिमेरा नव्हतं. माझी मेल, कॅलेंडर, टिपणं सगळी मायक्रोसॉफ्टकडे. त्या वेळी आयफोनवर मेल आणि ब्राउझर कायमचा बदलता येत नसे. ती मुभा २०२० च्या सप्टेंबरात आयओएस १४ बरोबर आली. अँड्रॉइडवर होमस्क्रीनसुद्धा बदलता यायची. म्हणजे मी फोन घेतला तो त्यावर आधीच्या फोनसारखं राहता येईल म्हणून. सासरी जाऊन माहेरचा स्वयंपाक.

सामान हलवताना जे अवघड वाटलं होतं ते सोपं निघालं आणि उलटही. फोटो आधीपासून वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत होते, संपर्क खात्यात होते. नव्या फोनवर लॉगिन केलं, दहा मिनिटांत सगळे हजर. घोडं अडलं ते दोन टप्प्यांच्या लॉगिनपाशी. दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड जुन्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तयार होत होते, आणि ते अ‍ॅप आपली गुपितं दुसऱ्या फोनला सांगायला तयार नव्हतं. मग एकेका खात्यात जायचं, जुन्या फोनचा कोड टाकून आत शिरायचं, सोय बंद करायची, परत चालू करायची, नव्या फोनने क्यूआर कोडचा चौकोन स्कॅन करायचा. अशी अकरा खाती. जुना फोन आधीच पुसून टाकला असता तर यातल्या निम्म्या खात्यांना मी कायमची मुकले असते. कुणी फोन बदलणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, जुना पुसायचा तो महिन्याने.

चॅट तर येणारच नव्हतं. बॅकअप होता, पण तो त्याच जातीच्या फोनवर उघडणारा, आणि ती जातच संपत होती. मग बाहेर आणण्यासारखं काय आहे ते ठरवायला बसले. व्हॉल्यूमचं आणि चालू-बंदचं बटण एकदम दाबून पडद्याचे फोटो काढत गेले. भावाबरोबरची पाच वर्षांची भांडणं मिळून २१४ फोटो झाले. ते त्याला पाठवले तर म्हणाला, "ताई, हे जपून ठेवायची काय गरज होती?"

तीन विकत घेतलेली अ‍ॅप्स होती: एक शब्दकोश, एक टिपणवही, एक पावसाचा नकाशा. तिन्ही अँड्रॉइडवर होती, आणि तिन्हींचे पैसे परत भरायचे होते. वस्तू तीच, बनवणारा तोच, पण पावती एका दुकानाची दुसऱ्या दुकानात चालत नाही. रक्कम मोठी नव्हती. पण वहीत ती मांडताना पहिल्यांदा दिसलं की फोनमध्ये फोनपेक्षा इतर गोष्टींतच आपण जास्त अडकलेले असतो. शब्दकोश आणि पाऊस परत घेतले. टिपणवही सोडली.

नव्या फोनवर ४२ पैकी ३९ अ‍ॅप्स एका संध्याकाळी चढली. पाच वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी एका अ‍ॅपचं नाव घेतलं आणि मी "ब्राउझरमधून" म्हणायच्या बेतात होते, तोच लक्षात आलं की आता आहे की आपल्याकडे. बरं वाटलं. आणि थोडं फितूर झाल्यासारखंही.

भाऊ आयफोनवाला. माझी वही बघून त्यालाही खाज सुटली. मी अँड्रॉइडवर आलो तर काय होईल? २०२२ मध्ये त्याने महिनाभर वापरून बघायचं ठरवलं. तोवर बऱ्याच गोष्टी सुधारल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपने आयफोनवरून अँड्रॉइडवर चॅट न्यायची सोय २०२१ मध्ये आधी मोजक्या फोनांना दिली, आणि उलट दिशेची २०२२ मध्ये. केबल लावली, दोन तासांनी सगळं इकडे. माझे २१४ फोटो आठवून जीव जळला. आयमेसेजमधून नंबर काढून घ्यायचं मात्र त्याने सिम काढायच्या आधीच उरकलं. तसं न करणाऱ्यांचे निरोप आयफोनवाल्यांकडून निघायचे आणि वाटेतच कुठेतरी राहायचे. त्यासाठी अ‍ॅपलने २०१४ च्या नोव्हेंबरात एक पान काढलं, नंबर टाकून मोकळं होण्यासाठी.

नवव्या दिवशी तो परत गेला. कारण अ‍ॅप नव्हतं, मनगट होतं. त्याचं घड्याळ त्याच्या आधीच्या फोनशिवाय कुणाशी बोलतच नव्हतं. दोन वर्षांच्या चालण्याच्या, झोपेच्या नोंदी त्यात. घड्याळ बदलायचं म्हणजे फोन दोनदा घेतल्यासारखं. आणि दुसरं म्हणजे त्याचे मित्र. त्यांच्या आयमेसेजच्या ग्रुपमध्ये हा एकटा वेगळा झाला, ग्रुप आपोआप साध्या एसएमएसवर उतरला, व्हिडिओ डाक तिकिटाएवढे यायला लागले. कुणी तक्रार केली नाही, फक्त एकाने विचारलं, "परत कधी येतोस?"

मला वाटायचं, हे तंत्रज्ञानाच्या मर्यादेमुळे होत असेल. २०२१ मध्ये एपिक या गेम कंपनीच्या आणि अ‍ॅपलच्या खटल्यात अ‍ॅपलच्या आतल्या मेल बाहेर आल्या होत्या, त्या तेव्हा वाचल्या. अ‍ॅपलचे एक अधिकारी क्रेग फेडेरिघी यांनी २०१३ मध्ये लिहिलं होतं की आयमेसेज अँड्रॉइडवर नेलं तर आयफोनवाल्या घरांतल्या मुलांना अँड्रॉइड फोन देण्यातला अडसरच निघून जाईल. दुसरे अधिकारी फिल शिलर यांनी २०१६ मध्ये लिहिलं, त्याने आपल्याला फायद्यापेक्षा तोटाच होईल. म्हणजे अडचण जमत नसल्याची नव्हती. जमवायचं नव्हतं. भावाने प्रयोग केला त्याच वर्षी सप्टेंबरात एका परिषदेत कुणीतरी अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांना विचारलं की आईला व्हिडिओ नीट पाठवता येत नाहीत, काय करू? उत्तर मिळालं, आईला आयफोन घेऊन द्या. सभागृह हसलं म्हणे. मी ते भावाला वाचून दाखवलं तर तोही हसला, आणि मग घड्याळाकडे बघितलं.

२१ मार्च २०२४ ला अमेरिकेच्या न्याय खात्याने अ‍ॅपलवर मक्तेदारीचा दावा लावला. त्यात हे निरोप, घड्याळं, डिजिटल पाकिटाची अ‍ॅप्स, क्लाउडवरचे खेळ आणि एकात अनेक कामं करणारी मोठी अ‍ॅप्स, सगळं नावानिशी आहे. अ‍ॅपलला तो दावा मान्य नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात आयओएस १८ सोबत आरसीएस नावाची एसएमएसची सुधारलेली पद्धत आली आणि व्हिडिओ डाक तिकिटातून बाहेर पडले.

आता माझा स्वतःचा दुसरा उद्योग. २०२३ मध्ये माझ्या अँड्रॉइड फोनचे सुरक्षा अपडेट बनवणाऱ्याने थांबवले. फोन ठणठणीत. मनात आलं, अँड्रॉइड तर मुक्त स्रोत आहे ना, म्हणजे कोड सगळ्यांना खुला? मग दोघांच्याही बाहेर राहू. लिनिएजओएस नावाची अँड्रॉइडचीच मुक्त आवृत्ती चढवायची, गूगलच्या सेवांऐवजी मायक्रोजी नावाचा मुक्त पर्याय. रात्री नऊला बसले. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम चढवणाऱ्या भागाचं कुलूप, उघडला, तो उघडताना फोन स्वतःला पूर्ण पुसतो, हे दोनदा वाचूनही तो इशारा पडद्यावर आला तेव्हा बोट थबकलंच. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, केबल सैल म्हणून एकदा मधेच तुटलं, परत पहिल्यापासून. साडेअकराला गोल चिन्ह फिरत फिरत फोन उघडला. चार महिने शिळा असलेला माझा फोन त्या महिन्याच्या सुरक्षा अपडेटसह ताजातवाना. एवढा आनंद नवा फोन घेऊनही झाला नव्हता.

सकाळी वही काढली. आता चौथा रकाना: इथे चालतं का. बहुतेक अ‍ॅप्स चालली. काहींचे निरोप वेळेवर येईनात, एका अ‍ॅपच्या नकाशाच्या जागी नुसता करडा चौकोन. कारण उघड होतं. २०१२ पासून गूगलने प्ले सर्व्हिसेस नावाचा थर आणला, आणि निरोप पोचवणं, नकाशा दाखवणं, जागा ओळखणं अशी कामं हळूहळू त्यात गेली. तो थर मुक्त नाही. म्हणजे विहीर सगळ्या गावाची, पण दोर-बादली एका घरची. फोन बनवणाऱ्यांनाही ती अशीच मिळत होती. २०१८ च्या जुलैमध्ये युरोपीय आयोगाने गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड ठोठावला, त्यातलं एक कारण हेच होतं: प्ले स्टोअर हवं तर सर्च आणि क्रोमही घ्या, आणि आम्ही मंजूर न केलेली अँड्रॉइडची आवृत्ती असलेला एकही फोन विकू नका. पुढे न्यायालयाने दंड ४.१२५ अब्जांवर आणला. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे २०१९ मध्ये हुवावे या चिनी कंपनीचा मेट ३० फोन गूगलशिवाय बाजारात आला तेव्हा चीनबाहेर त्याचं काय झालं, हे सगळ्यांनी पाहिलं. यंत्र उत्तम. विचारणारे विचारत होते तोच प्रश्न, यात अमुक आहे का?

माझ्या यादीत शेवटी उरलं बँकेचं अ‍ॅप. उघडलं. निळं चिन्ह आलं, आणि मग: हे उपकरण सुरक्षित नाही, अ‍ॅप बंद होत आहे. तीन सेकंदांत बंद. परत उघडलं, परत तेच. अशी अ‍ॅप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतात की हा फोन प्रमाणित आहे का, बूटलोडर बंद आहे का. माझं उत्तर दोन्हींना नाही. बँकेच्या मदत केंद्राला फोन लावला.

"मॅडम, आपण फोन रूट केलाय."

"रूट म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घेणं, ते नाही केलं. सिस्टीम बदललीय. उलट आता सुरक्षा अपडेट ताजं आहे, आधीचं शिळं होतं."

"हो, पण आमच्याकडे लाल दिसतंय."

"शिळं होतं तेव्हा?"

थोडा वेळ फक्त कीबोर्डचा आवाज. "तेव्हा हिरवं होतं, मॅडम."

त्या माणसाचा काही दोष नव्हता. कपाटात आईचा जुना फोन होता, चार वर्षांत एकही अपडेट न मिळालेला. त्यावर अ‍ॅप टाकून बघितलं. हिरवं.

फोनच्या चिपवरूनच सिस्टीमचा खरेपणा पटवायची दुसरी सोय अँड्रॉइडमध्ये आहे. बँकेने ती वापरली आणि नव्या सिस्टीमवर बूटलोडर परत बंद करता आला, तर माझ्यासारख्यांनाही हिरवं मिळू शकेल. पण त्यासाठी कुणीतरी मूठभर लोकांसाठी वेगळं काम करायला हवं, आणि मूठभर लोकांसाठी कुणी काय करतं ते मी विंडोज फोनवर पाहून झालेलं आहे. परत जावं का, यावर आठवडाभर विचार केला. नाही गेले. ब्राउझरमधून बँक चालते, फक्त पैसे पाठवताना मंजुरी अ‍ॅपमधूनच द्यावी लागते. म्हणून आईचा तो फोन आता बँकेचा फोन झालाय. बाकी काही नाही त्यात. कपाटाच्या खणात असतो, दर रविवारी चार्ज करते.

मागच्या रविवारी विसरले. सोमवारी पैसे पाठवायचे होते, फोन मेलेला. चार्जर लावून पंधरा मिनिटं थांबावं लागलं, तेवढ्यात खणातली वही हाताला लागली. डिसेंबर २०१९ ची ती ४२ नावं परत वाचली. १७ मी आता वापरतच नाही. ६ अ‍ॅप्स तर कुठल्याच फोनवर उरलेली नाहीत, त्यात परत पैसे भरून घेतलेला पावसाचा नकाशाही आहे. पेन शोधून त्यांच्यावर काट मारत होते, तोवर फोन सुरू झाला.